आर्ट कॉलेजचा पदवीप्रदान कार्यक्रम आम्हालाच करायचाय (नाशिक) – हॉल, गाऊन, प्रदर्शन, आणि ऐन छाटणीत वडिलांना कसं आणू?

बागेतली_चित्रकार

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नाशिकमधल्या एका आर्ट कॉलेजातून यंदा बीएफए पेंटिंग पास झाले. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाहीये. आमच्याकडे पदवीप्रदान म्हणजे ऑफिसच्या खिडकीत जायचं, रजिस्टरला सही करायची, कागद घ्यायचा आणि बाहेर येऊन चहा प्यायचा, झालं. यंदा आमच्या बॅचने आग्रह धरला की चार वर्षं रात्र रात्र जागून सबमिशन केलंय तर एकदा तरी घरच्यांना बोलवून नीट कार्यक्रम होऊ दे. तर प्राचार्य म्हणाले करा की, पण सगळं तुम्हीच बघायचं, कॉलेज २० हजार देईल. आम्ही ३८ जण आहोत, पेंटिंग आणि अप्लाइड आर्ट (जाहिरात-डिझाइन) मिळून, प्रत्येकी हजार काढले तर ३८ हजार, म्हणजे सगळे धरून ५८ हजारात बसवायचंय. ऑक्टोबरचा मधला काळ दिलाय, नक्की तारीख आम्ही ठरवायची.

आता प्रश्न. हॉल कुठला घ्यावा? काही जणांना कालिदास नाट्यगृहच पाहिजे, त्याशिवाय मजा नाही म्हणे. काळे गाऊन आणि ती चौकोनी टोपी भाड्याने मिळते का, आणि घ्यावी का? सोबत प्रदर्शन लावायचं आमच्या डोक्यात आहे पण एका दिवसात ते जमतं का? पाहुणे कोण बोलवावेत?

आणि शेवटचा प्रश्न जरा घरगुती आहे. आमचं पिंपळगाव बसवंतजवळ गाव, द्राक्षबाग आहे, आणि ऑक्टोबर म्हणजे छाटणी. माझ्या वडिलांनी चार वर्षांत कॉलेजचं फाटकसुद्धा बघितलेलं नाही. वाईट अर्थाने नाही म्हणत, फी कधी चुकवली नाही त्यांनी, पण मी काय करते हे त्यांना माहीत नाही, कोणी विचारलं तर "ड्रॉइंगचं शिकते" एवढंच सांगतात. कार्यक्रमाचं सांगितलं तर म्हणाले बघू, छाटणीच्या मजुरांची टोळी कधी येते त्यावर आहे. त्यांना आणायचं कसं हे कोणाला सुचत असेल तर सांगा.

जुना_कॅनव्हास

अभिनंदन गं पोरी. मी नाशिकचाच, जीडी आर्ट (चित्रकलेचा डिप्लोमा) केलेला, आता पन्नाशी उलटली. आमच्या वेळी तर कागद पोस्टाने घरी आला होता आणि तोही दुमडून.

हॉलचं सांगतो. कालिदासचा नाद सोडा. एक तर शनिवार-रविवारी तिथे नाटकांच्या तारखा आधीच गेलेल्या असतात, आणि दुसरं म्हणजे ३८ मुलं, प्रत्येकाचे तीन-चार घरचे धरले तरी दीडशे माणूस, एवढ्या मोठ्या नाट्यगृहात ते चार रांगांत बसेल आणि मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या, फोटोत असं वाटेल की कार्यक्रम पडला. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात विशाखा सभागृह आहे ते बघा, किंवा सावानाचं (सार्वजनिक वाचनालयाचं) औरंगाबादकर सभागृह. सावाना १८४० सालचं, गावात मध्यभागी, बसने येणाऱ्या पालकांना रिक्षावाल्याला पत्ता समजवावा लागत नाही. भाडं आणि डिपॉझिट स्वतः जाऊन विचारा, फोनवर एक सांगतात आणि पावती वेगळी निघते हा माझा सगळीकडचा अनुभव.

पण खरं विचारशील तर कॉलेजातच करा. चित्रं तिथेच आहेत, ईझल तिथेच, भिंतीला खिळे मारायला कोणी ओरडत नाही. आवारात मंडप टाका. आईवडिलांना तुम्ही जिथे उभं राहून काम केलंत ती जागा बघायला मिळते, तो टर्पेंटाइनचा वास, डाग पडलेली फरशी. सभागृहात काय, एसीचा गारवा आणि प्लास्टिकची फुलं.

आणि हो, एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी हातात खरं प्रमाणपत्र मिळणार आहे का? हे आधी पक्कं करा. माझ्या पुतण्याच्या कॉलेजात मोठा कार्यक्रम झाला, लाल फितीची फाइल दिली, माझ्या भावाने कौतुकाने स्टेजखाली उघडली तर आत ड्रॉइंगचा कोरा कार्ट्रिज पेपर. भाऊ म्हणे, अरे हे तर आपणच विकत आणलं होतं.

सही_शिक्का

वरच्या मुद्द्यात भर घालते, मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते (आर्ट नाही, साधं). पुणे विद्यापीठाची पदवी पास झाल्यावर आपोआप घरी येत नाही हे निम्म्या मुलांना माहीतच नसतं. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, फी भरायची असते, मुदत असते. तुमच्या ३८ मधल्या किती जणांनी भरलाय ते आज रात्रीच ग्रुपवर विचारा. आणि भरताना नावाचं देवनागरी स्पेलिंग, आईचं नाव, दोन-दोनदा बघा, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर नंतरची दुरुस्ती म्हणजे तुमचे दोन हेलपाटे आणि एक प्रतिज्ञापत्र.

कागद आलेले नसतील तर सरळ जाहीर सांगा की आज कॉलेजचं गौरवपत्र देतोय, मूळ पदवी नंतर. लपवू नका. आणि तुमच्यासोबत डिप्लोमावाली मुलं असतील तर पत्रिकेत 'पदवी व पदविका' छापा, त्यांचा कागद विद्यापीठाकडून येत नाही. छोटी गोष्ट आहे पण ज्याचं नाव सुटतं त्याला लागते.

येवल्याची_सून

गाऊन नका गं घेऊ!! ड्रेपरीवाल्याकडे मिळतात, नाटकाचे कपडे देतात तेच लोक, पण ते काळं पॉलिस्टर ऑक्टोबर हीटमध्ये अंगावर चढवलं की दहा मिनिटांत कोंबडी वाफवल्यासारखं होतं आणि आधीच्या शंभर जणांचा घाम त्यात मुरलेला असतो तो वेगळाच. शिवाय टोपी कोणाच्याच डोक्याला बसत नाही, सगळे एका हाताने टोपी धरून फोटोत. २०१९ मध्ये यूजीसीनेच विद्यापीठांना सांगितलं होतं की दीक्षांत समारंभाला हातमागाचे पोशाख वापरा म्हणून, मग आपण का त्या काळ्या झग्याच्या मागे.

तुम्ही आर्टवाले आहात तर स्वतःचं काहीतरी करा ना. माझी आयडिया, खादीचं किंवा हातमागाचं पांढरं सुती कापड घ्या, ३६ इंच पन्ह्याचं. उपरणं २ मीटर लांब आणि १८ इंच रुंद पुरतं, म्हणजे पन्हा मधोमध फाडला की एका २ मीटरच्या तुकड्यात दोन उपरणी. ३८ जणांना १९ तुकडे, ३८ मीटर, वर २ मीटर नमुन्याला असे ४० मीटर आणा. आधी रात्रभर भिजवून खळ काढा, नाहीतर रंग वर तरंगतो. मग प्रत्येकाने आपल्या काठाला स्वतः स्क्रीन प्रिंट किंवा ठसा मारायचा, पिगमेंट आणि बाइंडर, वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री. सगळ्यांची उपरणी एकसारखी, काठ मात्र ज्याचा त्याचा. मी येवल्याची आहे म्हणून पैठणीचा काठ लावा असं सांगायचा मोह होतोय पण ५८ हजारात तुमची अर्धी बॅचच नेसेल 😄

गडद लाल रंग मात्र धुवून बघितल्याशिवाय वापरू नका.

खिळा_हातोडा

प्रदर्शनाबद्दल लिहितो कारण माझा धंदाच तो आहे, प्रदर्शनं उभारून देतो.

एका दिवसात होतं, पण एका अटीवर. प्रत्येकी एकच चित्र. एकच. मला माहितीये यावर भांडणं होणार, प्रत्येकाला वाटतं माझी सिरीज आहे, तोडता येत नाही. मंडपवाल्याकडे ४ बाय ८ चे पॅनल मिळतात, उभं केलं की एका बाजूला साधारण तीन फुटी एक चित्र नीट श्वास घेतं, दोन्ही बाजू वापरल्या तर ३८ चित्रांना १९ पॅनल. दोन-दोन चित्रं म्हटली की ३८ पॅनल झाले, मग चालायला वाट कुठून ठेवणार, आणि ५८ हजार तिथेच संपले. अप्लाइडवाल्यांची कॅम्पेन मोठी असतात, त्यांना माउंटिंग बोर्डावर एक मुख्य पोस्टर आणि बाकी सगळं टेबलावर फाइलमध्ये.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचावर धरा, सगळ्यांचा तोच. वरची कड एका रेषेत आणायला जाऊ नका, लहान चित्रं छताला टेकल्यासारखी दिसतात. एक सुतळी ताणून घ्या त्या उंचीवर, तिच्यावरून मोजा. पॅनलवर पिवळे हॅलोजन मारतात मंडपवाले, लग्नाची सवय, त्यांना आधीच पांढरे लाइट सांगा नाहीतर तुमचे सगळे निळे रंग हिरवट होतील आणि माणसं कावीळ झाल्यासारखी.

ऑइल केलेल्यांनी ऐन वेळेला वार्निश मारू नका ही हात जोडून विनंती. तैलरंग वरून सुकल्यासारखा वाटतो, आत महिनोन् महिने ओला असतो, शेवटच्या वार्निशला सहा महिने तरी थांबायचं असतं. एका पोराने आदल्या रात्री मारलं, चमक यावी म्हणून, आणि बबल रॅप बुडबुडे आत करून गुंडाळून रिक्षातून आणलं. उघडलं तर त्याच्या आजीच्या पोर्ट्रेटला सगळीकडे गोल गोल देवीचे व्रण. रडायला लागला बिचारा. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की प्रदर्शन आधी, स्टेज नंतर. उलटं केलं की टाळ्या संपल्या रे संपल्या की सगळे खाण्याच्या टेबलाकडे पळतात, चित्रांसमोर फक्त बॅचचीच पोरं सेल्फी काढत राहतात. पालकांना तासभर आधीची वेळ द्या, प्रत्येकाने आपल्या चित्राजवळ उभं राहायचं, आलेल्याला सांगायचं हे काय आहे ते.

पंचवटी_पास

माझ्या मुलाचा कार्यक्रम मुंबईच्या एका कॉलेजात झाला, आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने गेलो सगळे नटूनथटून, तिथे गेल्यावर कळलं की आत दोनच माणसं, बायकोच्या आईला बाहेर वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं. ८१ वर्षांची बाई. तेव्हा तुम्ही पास वगैरे भानगड ठेवू नका, आणि ठेवली तर पत्रिकेवर मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरं, एक प्रेमळ सल्ला. आमच्याकडे नाव पुकारलं की मागच्या पडद्यावर त्या मुलाचं काम दाखवत होते. कल्पना झकास आहे. पण दोन मुलं गैरहजर होती आणि स्लाइड पुढे सरकवणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही, झालं, तिथून सगळे दोन घर मागे. माझा मुलगा पोर्ट्रेटवाला, त्याच्या मागे कोणाच्या तरी साबणाच्या पुड्याचं डिझाइन. फोटो तोच आहे आमच्याकडे फ्रेममध्ये. पाहुणे येतात आणि विचारतात हा साबण कुठे मिळतो.

३८ जण, एकेकाला ४० सेकंद, म्हणजे २५ मिनिटांत वाटप होतं. जे काही लांबतं ते भाषणांनी.

बागेतली_चित्रकार

बापरे किती छान माहिती, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. उपरण्याची आयडिया ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत पास झाली, गाऊनवाले चार जण सोडून. कॉलेजातच मंडप टाकायचं पण बहुतेक ठरतंय. पदवीचा अर्ज ११ जणांनी भरलेलाच नव्हता!! त्यात मी पण.

एक चित्र प्रत्येकी, यावर मात्र काल रात्री दीड वाजेपर्यंत भांडण चाललं होतं, खिळा_हातोडा दादा तुम्हाला आधीच माहिती होतं 🙏

अजून एक अडचण. आमच्यातल्या तिघांचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे लाइफ स्टडी आहे, विवस्त्र मॉडेल बसवून केलेलं. गावाकडचे आईवडील, आज्या येणार. लावायचं का?

येवल्याची_सून

नको बाई. आजी लोकांसमोर कशाला.

जुना_कॅनव्हास

का नको? पोरांनी चार वर्षं शिकलेलं सगळ्यात अवघड काम ते आहे. कुंभमेळ्याला नागा साधू बघायला हेच सगळे पहाटे तीनला उठून त्र्यंबकला कुशावर्तावर जागा धरतात. लावा. फक्त प्रवेशाच्या समोरच नको, आतल्या वर्गात लावा, आणि शेजारी त्याच मुलाचा पहिल्या वर्षाचा हाताचा पंजा किंवा कवटीचा अभ्यास लावा. मग बघणाऱ्याला आपोआप कळतं की हा अभ्यास आहे.

पाहुण्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. पुढारी बोलावू नका. तीन तास उशिरा येणार, सोबत वीस जण आणणार, ते वीस जण पालकांच्या खुर्च्यांवर बसणार आणि भाषणात "कला ही जीवनाचं अविभाज्य अंग आहे" म्हणून निघून जाणार, चित्राकडे मान वळवून बघणार नाही. मोठा चित्रकार मिळाला तर उत्तमच, नाशिकला जलरंगाची परंपरा आहे, शिवाजीराव तुपे सरांना गोदाघाटावर बसून चित्रं काढताना बघत आमची पिढी वाढली. पण मी तर म्हणतो तुमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर बोलवा. कोणाच्या तरी झेडपीच्या शाळेतला, ज्याने एलिमेंटरी-इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांना बसवलं, फीचे पैसे नव्हते तर स्वतः भरले. तुमच्या ३८ जणांत असे दोन-तीन सर नक्की निघतील, बहुतेक रिटायर झालेले असतील. शाल-श्रीफळ त्यांना द्या.

कादवाकाठचा_काका

पोरी मी निफाड तालुक्यातला, बागाईतदार. आर्टमधलं मला काही कळत नाही, आमच्या सूनबाई हे वाचत होत्या त्यांनी दाखवलं. सगळे बाकीचंच बोलत बसलेत, तुझ्या बापाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

ऑक्टोबर छाटणीत माणूस बाग सोडत नाही ते बरोबर आहे, पण रोजच सोडत नाही असं नाही. तुझ्या वडिलांना सरळ विचार, प्लॉट किती आणि कुठला कधी छाटणार. कोणी शहाणा सगळी बाग एका दिवशी छाटत नाही, आठ-पंधरा दिवस मागेपुढे धरतो, पावसाची आणि भावाची दोन्ही जोखीम वाटली जाते. आता बघ, छाटली की लगेच एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, पेस्ट लावायची, ते दोन-तीन दिवस टोळी सोडून कुठे जाता येत नाही, टोळी ठेक्याची, तिचा दिवस चुकला की ती दुसऱ्याच्या बागेत. पण पेस्ट लागली की डोळा फुटेपर्यंत आठ-दहा दिवस बाग झोपलेली असते. तो काळ त्यातल्या त्यात मोकळा. डोळे फुटून बाग पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, आली आणि तेव्हा पाऊस झाला, ढगाळ झालं, की मग डावणी रोगाच्या भीतीने माणूस सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा जात नाही, मी गेलो नव्हतो.

तारीख तुमच्याच हातात आहे ना? मग कॉलेजच्या कॅलेंडरवर नको बघू, बापाच्या बागेवर बघ.

आणि नवरात्रात नको ठेवू. कालिका मातेच्या यात्रेने मुंबई नाक्याची बाजू जाम असते, इकडून वणीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी, कोजागरीलाही कावडीवाले असतात. ते सगळं उरकल्यावर ठेव.

बागेतली_चित्रकार

काका, काय सांगू, तुमचा मेसेज वाचून लगेच घरी फोन केला. पहिला प्लॉट ५ ऑक्टोबरला, दुसरा १४ ला. मी विचारलं म्हणून वडील दोन सेकंद गप्पच झाले, म्हणे तुला कशाला पाहिजे. मी म्हटलं तारीख काढायचीये.

२० ऑक्टोबर रविवार धरला तर? कोजागरी पण झालेली असेल.

कादवाकाठचा_काका

२० ला दुसरा प्लॉट सहा दिवसांचा, झोपलेला. पहिला पंधरा दिवसांचा, पोंग्यात. तिथे सकाळी फवारणी असणार हे धरून चाल. सकाळी दहाचा कार्यक्रम ठेवलास तर येणार नाही. संध्याकाळी ४ नंतर ठेव. पिंपळगावहून नाशिक तीसेक किलोमीटर, हायवे सरळ आहे, जेवून निघाले तरी पोचतात. फवारणीवाले बाप तुझ्या एकटीचेच नसतील, विचार बाकीच्या पोरांना.

पाऊस आला तर मात्र माझ्या नावाने खडे फोडू नको.

पंचवटी_पास

काका तुम्ही खरे इव्हेंट मॅनेजर.

एक आणखी, नावं आडनावाच्या क्रमाने पुकारू नका, लांबून येणाऱ्यांची मुलं शेवटी ठेवा. स्लाइडवाल्याला तोच क्रम द्या 😅

येवल्याची_सून

खाण्यात मिसळ ठेवू नका. नाशिक आहे, कोणीतरी सुचवणारच. रस्सा आणि पांढरी उपरणी. कोरडा चिवडा, पेढा, चहा.

बागेतली_चित्रकार

झाला कार्यक्रम!! काल. अजून पाय दुखताहेत पण म्हटलं तुम्हाला सांगितल्याशिवाय झोपायचं नाही.

मंडप कॉलेजातच टाकला, १९ पॅनल, सुतळी ताणून ५८ इंच, पांढरे लाइट (मंडपवाल्याने पिवळेच आणले होते, परत पाठवून बदलून घेतले, त्यात दोन तास गेले). लाइफ स्टडी आतल्या वर्गात लावले. एका आजींनी अर्धा तास तिथेच बसकण मारली आणि निघताना म्हणाल्या, त्या बाईला एवढा वेळ बसवून ठेवलं तर तिला काही खायला दिलं होतं का. आमच्या वर्गमित्राला उत्तर देता आलं नाही.

पाहुणे म्हणून सटाण्याकडच्या एका शाळेतले निवृत्त ड्रॉइंग सर आले. भाषण चार मिनिटांचं. त्यांनी त्यांच्या विद्यार्थ्याचा इंटरमीजिएटचा कागद जपून ठेवला होता, बी ग्रेड आलेला, तो घेऊन आले आणि त्याच्या आताच्या चित्राशेजारी टाचणीने लावून टाकला, कोणाला न विचारता. स्लाइडचा क्रम बरोबर होता, तरी एकदा अडकला, पण साबण कोणाच्या मागे आला नाही.

वडील पावणेपाचला आले, आई आणि माझा चुलतभाऊ. कपडे बदलून आले होते पण टोपीला औषधाचा वास येत होता. प्रदर्शनाची वेळ संपत आली होती, सगळे स्टेजकडे निघाले होते. मी त्यांना माझ्या चित्रासमोर नेलं. ४ बाय ३ फुटांचं, ॲक्रिलिक, आमचीच बाग आहे, छाटून झाल्यावरची, पहाटे, धुकं, तारांवर दव. परीक्षकांना आवडलं होतं, म्हटलं आता काय म्हणतात.

ते बराच वेळ बघत होते. एवढा वेळ त्या चित्रासमोर कोणीच उभं राहिलं नव्हतं, परीक्षक पण नाही. मग जवळ गेले, बोट न लावता वेलीच्या एका ओलांड्यावरून (तारेवरच्या आडव्या फांदीवरून) हवेत बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "हे एप्रिलचं काम आहे. काड्या सगळ्या एकेका डोळ्यावर आणल्यात, ही खरड छाटणी झाली. आणि वर दव पाडलंय. एप्रिलात कुठलं दव?"

मी चार वर्षं शिकून काड्या चुकवल्या. एप्रिलच्या सुट्टीत स्केच केलं होतं आणि ऑक्टोबर समजून रंगवलं. कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्या सरांच्या पण.

मग स्टेजवर माझं नाव आलं तेव्हा ते तिथे नव्हतेच! आई होती, भाऊ होता, हे परत पॅनलमध्ये. भाऊ सांगतो, बाकीच्यांची चित्रं बघत फिरत होते, एका मुलीने भाजीबाजार काढलाय त्यात कांद्याच्या गोणीची शिवण बरोबर आहे म्हणून तिच्या वडिलांना सांगत होते.

सात वाजता निघाले, पहिल्या प्लॉटवर ढग दिसतायत म्हणून. जाताना म्हणाले दिवाळीत घरी ये तेव्हा ते घेऊन ये, काड्या कशा पाहिजेत ते दाखवतो. आता ते दुरुस्त करू की तसंच ठेवू हेच कळत नाहीये.

खिळा_हातोडा

हात लावू नको त्याला. नवीन कर.

कादवाकाठचा_काका

बाप बरोबर बोलला. दवाचं तर मीही लगेच ओळखलं असतं. इकडे काल रात्री चार थेंब पडले, तुमच्याकडे काय?

बागेतली_चित्रकार

नाही पडला काका, नुसतं ढगाळ. सकाळी परत फवारणी केली म्हणे.

येवल्याची_सून

उपरणी धुतली का कोणी? रंग राहिला?

बागेतली_चित्रकार

गेला ताई. लाल. तुम्ही सांगितलं होतं. वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यासोबत आईने भिजवलं.